टायफॉइडनं गेलेला ज्ञानचंद

मालेगावला वाशीम रोडवर फुलचंद शेठजींचं कापडाचं दुकान होतं आणि त्या दुकानाच्या ओट्यावर माझं शिलाई मशीन. मी उकंडराव शिंपी. गिऱ्हाईक आतून कापड घ्यायचं आणि शिवायला बाहेर माझ्याकडं द्यायचं. ओट्याचं भाडं शेठजींनी कधी मागितलं नाही, म्हणून मीही त्यांच्यासमोर कधी तोंड उघडलं नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं जे घडलं त्यात माझाही हात आहे.

शेठजींना दोन मुलं आणि एक मुलगी. मोठा मांगीलाल, मधला ज्ञानचंद, धाकटी राजमती. मांगीलाल बोलण्यात हुशार होता, जाडंभरडं कापडही रेशमासारखं विकायचा. ज्ञानचंदची गोष्ट वेगळी. डोळे मिटून, कापड दोन बोटांत चोळून तो सांगायचा की हे किती धुण्यांपर्यंत टिकेल. आणि ते गिऱ्हाइकालाच सांगून बसायचा.

"काकू, हे लुगडं नका घेऊ. दोन धुण्यात याचा रंग जाते."

बाई गेली की शेठजी त्याचा कान धरत. बावीस वर्षांच्या मुलाचा कान, भर दुकानात. तो मान खाली घालून पुढचा तागा उलगडायचा. पण दुकानात गर्दी झाली की त्याच्या कपाळावर घाम येई आणि तो मधूनमधून बाहेर ओट्यावर येऊन उभा राही. "काय झालं?" विचारलं की म्हणे, "काही नाही, जरा हवा खातो."

एकाहत्तर सालच्या उन्हाळ्यात जऊळक्याची एक मंडळी लग्नाचा बस्ता फाडायला आली. वीसेक माणसं. एक म्हणे धोतराचं पान दाखवा, दुसरी म्हणे खण दाखवा, म्हातारे भावावरून भांडत होते, लेकरं रडत होती. ज्ञानचंदच्या हातात कात्री होती, समोर पसरलेला तागा होता. कात्री कापडाला लागली आणि तिथंच थांबली.

"काप ना बे!" शेठजी ओरडले.

"बाबूजी, मले श्वास येऊन नाही राह्यला."

एवढं म्हणून तो गादीच्या कडेला खाली बसला. छाती धरून, तोंड उघडं टाकून, पाण्याबाहेर काढलेल्या मासोळीसारखा. आणि मग रडायला लागला. शेठजी उठले, त्यांनी वीस माणसांदेखत त्याच्या तोंडात मारली. एकदा नाही, तीनदा.

मंडळीतला एक म्हातारा म्हणाला, "शेठजी, पोराले पानी द्या आधी."

"याले पानी नाही पाह्यजे, लाज पाह्यजे," शेठजी म्हणाले आणि पडलेली कात्री उचलून त्यांनी स्वतः कापड कापलं. बस्ता पुरा झाला. मंडळी खूश होऊन गेली. ज्ञानचंद तोवर गाठोड्यांच्या मागं पडून होता.

त्यानंतर त्याला असं वरचेवर व्हायला लागलं. दुकानाच्या मागं मालाची एक खोली होती, तिथं त्याला ठेवलं. बाहेरून कडी. लोकांना दिसायला नको म्हणून. त्याची आई पानाबाई ताट आत सरकवायची. हे जैन घर, दिवस मावळला की जेवण बंद. कामाच्या गडबडीत दिवसाउजेडी ताट द्यायचं राहिलं की ज्ञानचंद तसाच उपाशी राही. असं कितीदा झालं ते पानाबाईलाच ठाऊक. चाळीस दिवस तो त्या खोलीत होता आणि मी भिंतीच्या अलीकडं बसून पायजमे शिवत होतो.

शेवटी मांगीलालनं त्याला नागपूरला नेऊन दवाखान्यात भरती केलं. चार महिन्यांनी, दिवाळी होऊन गेल्यावर, आणलं. तिथं त्याला विजेचे झटके दिले होते. त्या काळी तोच उपचार होता. डॉक्टरनं गोळ्या दिल्या होत्या आणि मांगीलालला सांगितलं होतं की याला गर्दीत बसवू नका, मोकळ्यावरचं काम द्या. मांगीलालनं ते मला हसत हसत सांगितलं होतं. "मोकळ्यावरचं म्हंजे काय, ढोरं चारायले धाडू याले?"

ज्ञानचंद आला तो जाड जिभेचा होऊन. एकच गोष्ट दोनदा विचारी. गावानं त्याचं नाव ठेवलं करंट्या. कोणाचं डोकं चाललं होतं कोणास ठाऊक, पण एका शब्दात त्याचे झटकेही आले आणि त्याचं नशीबही. बस स्टँडवरच्या हॉटेलात तो दिसला की कोणीतरी त्याच्या खांद्याला बोट लावायचं आणि "आईऽऽ" करून हात झटकायचं, जणू विजेचा धक्का बसला. मग सगळं हॉटेल हसायचं. मीही हसलो आहे. तोही हसायचा, आणि त्याचं हसणं पाहून लोकांना आणखी हसू यायचं.

शेठजी त्याला दुकानात भिंतीकडं तोंड करून बसवत. कापडाच्या घड्या घालायच्या, मागं वळायचं नाही. "गिऱ्हाइकाले तोंड दिसू देऊ नको," एवढा एकच हुकूम. दोन वर्षं तो भिंतीकडं पाहत बसला. बहात्तरचा दुष्काळ आला नि गेला, तो त्याच भिंतीला पाहत होता.

त्र्याहत्तर सालच्या शेवटी राजमतीसाठी कामरगावहून स्थळ आलं. किराण्याचे मोठे व्यापारी, कस्तुरचंद नावाचे. मुलगा एकुलता. ते पाहायला येणार म्हटल्यावर शेठजींनी गावाबाहेरच्या दौलतराव माळ्याला बोलावलं. दौलतरावाचा नाल्याकाठी भाजीचा मळा होता, रोजची भाजी त्याच्याकडूनच यायची.

"दौलत, ज्ञान्याले आठ दिवस तुह्या मळ्यात ठेव," शेठजी म्हणाले. "दोन वेळा खायाले घाल. गावात येऊ देऊ नको."

"काम करन काय तो?"

"काम करव नाही तं बांधून ठेव. मले काय करायचं?"

दौलतराव घेऊन गेला. त्यात त्याचं काही मोठं मन नव्हतं. फुकटचा गडी कोण सोडतो?

पाहुणे आले त्या दिवशी मी ओट्यावरच होतो. दुकानाच्या वरच राहतं घर. चहापाणी झाल्यावर कस्तुरचंद पान खायला खाली उतरले आणि माझ्याजवळ येऊन टेकले.

"बैठकीत फोटो आहे हार घातलेला, तो दुसरा मुलगा काय?"

माझा पाय पायडलवर थांबला. फोटो? हार? मला कोणी काही सांगितलं नव्हतं. पण शेठजी दारात उभे होते आणि माझ्याकडं पाहत होते.

"हो," मी म्हणालो.

"कायनं गेला?"

"टायफॉइडनं."

तो आजार मी जागच्या जागी शोधून काढला. घरातल्यांनी मरण ठरवलं होतं, पण कशानं ते ठरवायचं राहून गेलं होतं. कस्तुरचंदांनी "अरेरे" म्हटलं. दारातून शेठजींनी मान हलवली. संध्याकाळी त्यांनी मला एका सदऱ्याचं कापड दिलं. मी ते घेतलं. शिवलं आणि घातलंही.

आठवड्यानं ज्ञानचंद गोळ्या न्यायला घरी आला. कोणी अडवायच्या आत जिना चढून गेला. खाली आला तेव्हा त्याचा चेहरा अगदी शांत होता. बैठकीत टांगलेला तो फोटो मॅट्रिक झाल्यावर काढलेला होता. त्यानं स्वतःच्या हसऱ्या तोंडाला घातलेला हार पाहिला होता.

माझ्याजवळ थांबून त्यानं विचारलं, "उकंडराव, मी कायनं मेलो?"

मी सुईत दोरा घालत होतो. वर न पाहता सांगितलं, "टायफॉइडनं."

"बरं केलं," तो म्हणाला. "पागल होऊन मेलो असतो तं राजीचं जमलं नसतं."

तो हे टोमणा मारून म्हणाला नव्हता. त्याला ते मनापासून पटलं होतं. तो टोमणा असता तर बरं झालं असतं, असं मला पुढं कित्येकदा वाटलं.

चौऱ्याहत्तरच्या माघात लग्न झालं. भाजी दौलतरावाच्या मळ्यातून आली. वांगी ज्ञानचंदनं स्वतः तोडून बांबूच्या डाल्यात भरली होती. दौलतरावाची बायको प्रयागबाई त्याला म्हणाली, "तू नको जाऊ बावा. मी नेतो डालं." पण त्यानं ऐकलं नाही. डोक्याला दौलतरावाचं मुंडासं गुंडाळलं, दोन महिन्यांची दाढी होतीच, आणि डालं घेऊन मागच्या दारी गेला. बहिणीला एकदा हळद लागलेली पाहावी, एवढंच.

मागच्या दारी पानाबाई उभी होती. तिनं त्याला ओळखलं. न ओळखायला काय झालं, पोटचा होता. मागं कामरगावच्या बाया बसल्या होत्या. पानाबाई म्हणाली, "भाऊ, तिकडं ठेवा डालं. आणि निघा, इथं बायामाणसं आहेत."

"हो बाई," ज्ञानचंद म्हणाला.

राजमती त्याला दिसली नाही. ती दिसली असती तरी काही बोलली नसती. तिला सगळं ठाऊक होतं आणि तिला लग्न हवं होतं. सतरा वर्षांच्या मुलीनं दुसरं काय करावं, तेही मला सांगता येत नाही.

आठ दिवसांचे मग महिने झाले. शेठजींनी त्याला परत बोलावलं नाही.

मळ्यात त्याचे सुरुवातीचे दिवस हालाचे गेले. जन्मात कधी माती खणली नव्हती. वर घरचा धर्म असा की जमिनीत वाढलेलं खायचं नाही, खणताना जीव मरतात. दौलतरावानं त्याला कांदे उपटायला लावले. त्यानं नाही म्हटलं. दौलतराव हसला. "तुया मायबापानं तुले जित्ता गाडला, त्यायले पाप नाही लागलं. तुले कांद्याचं लागते काय?" ज्ञानचंद त्या दिवशी रडत रडत कांदे उपटत होता आणि शेजारच्या वाफ्यातल्या मजूर बाया म्हणत होत्या, अजून कांदा चिरला बी नाही, अन् याच्या डोळ्याले पानी.

तो त्रास तिथंही व्हायचा. छाती आवळायची, श्वास तुटायचा. पहिल्यांदा झाला तेव्हा तो विहिरीपाशी पडला. दौलतरावानं पाहिलं, जवळ आला नाही, लांबूनच म्हणाला, "झालं की उठ. पाट फुटला आहे." म्हणून पाणी वळवायला निघून गेला. ज्ञानचंद मला पुढं म्हणाला, "उकंडराव, तवा मले लय राग आला होता. पण पडल्यावर कोनी मारलं नाही, असं ते पह्यल्यांदाच झालं होतं."

तो सारखा एकच म्हणायचा, "बरा झालो की दुकानात जाईन. बरा झालो की बाबूजीले दाखवीन." वर्षभर हे ऐकून प्रयागबाईचे कान किटले. एका दुपारी भाकर वाढता वाढता ती म्हणाली, "तू काही बरा होत नाहीस, ज्ञानबा."

त्यानं हातातला तुकडा ताटात ठेवला.

"असाच राह्यशीन तू. महिन्यातून दोनदा पडशीन. पडला तं पडला. बाकीचे अठ्ठावीस दिवस हायेत ना? का ते बी बरं व्हायची वाट पाह्यण्यात घालवतं?"

त्यानं भाकर तशीच टाकली आणि उठून गेला. दोन दिवस प्रयागबाईशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी तिला विचारलं, भेंडी कोणत्या वाफ्यात लावायची. त्यानंतर 'बरा झालो की' हे त्याच्या तोंडून कोणी ऐकलं नाही.

शिवायला काही असलं की तो बाजूच्या गल्लीतून माझ्याकडं यायचा. कापडाची पारख तीच होती. एकदा म्हणाला, "त्या वीस माणसांत मी पडलो ना, तवा मले वाटलं मी पुरा मोडलो. आता समजते, मले गर्दी सोसत नाही. म्हशीले ऊन सोसत नाही. म्हून म्हशीले कोनी पागल म्हनते काय?"

मी म्हणालो, "नाही."

"मंग मले काहून म्हनत होते तुमी?"

मी त्याच्या सदऱ्याचं माप घेत राहिलो.

अठ्ठ्याहत्तरच्या उन्हाळ्यात कस्तुरचंद जीप घेऊन आले. जीपमधून राजमती उतरली. तीन महिन्यांपूर्वी बाळंत झाली होती, मुलगा झाला होता. मुलगा सोबत नव्हता. तिचे केस जटा झालेले, डोळे एका जागी थांबलेले, ब्लाउज दुधानं ओला होऊन वाळलेला. ओट्यावरून जाताना तिनं माझ्याकडं पाहिलं, पण मी तिला दिसलो नसेन.

"बाळाले हातात घेत नाही. रडत बसते. नाहीतं भिंतीकडं पाह्यते," कस्तुरचंद शेठजींना म्हणाले. "तुमच्या घरात आधी कोनाले असं होतं काय?"

"नाही," शेठजी म्हणाले. "बिलकूल नाही."

जीप गेली. राजमतीला मागच्या मालाच्या खोलीत ठेवलं आणि बाहेरून कडी लावून कुलूप घातलं.

ती भिंतीवर डोकं आपटायची. माझ्या मशीनच्या मागचीच भिंत. पायडल थांबवलं की आवाज यायचा, म्हणून मी पायडल थांबवत नव्हतो. कापड नसलं तरी चिंधीवर टीप मारत बसायचो. सहाव्या दिवशी मात्र माझ्यानं बसवेना. मशीनवर कापड टाकून मी मळ्यात गेलो आणि ज्ञानचंदला सांगितलं. इतक्या वर्षांत मी केलेलं ते एकच सरळ काम, तेही सहा दिवस उशिरा.

तो दुसऱ्या दिवशी आला. बाजाराचा दिवस, दुकान भरलेलं. चिखलाच्या पायांनी तो गादीपर्यंत गेला. लोक वळून पाहायला लागले. काहींनी ओळखलं, "करंट्या, करंट्या" अशी कुजबुज झाली.

"बाबूजी, मागच्या खोलीची किल्ली द्या."

शेठजींचा रंग उडाला. "कोन आहे हा? काढा याले बाहेर!"

"मी ज्ञानचंद."

"ज्ञानचंद मेला!"

तेवढ्यात त्याला सुरू झालं. मला दिसत होतं. कपाळावर घाम, छातीवर हात, उघडं तोंड. सात वर्षांपूर्वी जिथं पडला होता तिथंच तो खाली बसला. मांगीलाल हसला. "पाहा, आले याचे नाटकं." दोन गिऱ्हाइकंही हसली.

ज्ञानचंदनं एक हात वर केला. श्वास घेत घेत, तुटक तुटक म्हणाला, "थांबा. मले असं होते. होऊन जाते. थोडं थांबा."

आणि तो बसून राहिला. डोकं खाली घातलं नाही, तोंड लपवलं नाही. पन्नास माणसांच्या पायांमध्ये बसून तो आपला श्वास परत यायची वाट पाहत होता, फाटकाशी गाडी जायची वाट पाहावी तसा. पाचएक मिनिटं गेली असतील. हसणारे हसायचे थांबले. मग तो उठला, धोतर झटकलं आणि परत म्हणाला, "किल्ली द्या."

शेठजी हलले नाहीत. मांगीलालनं खिशातून किल्ली काढून त्याच्या पायाशी फेकली. "घेऊन जा. दोघं पागल एका जागी राहा. गिऱ्हाइकी नका मोडू."

ज्ञानचंदनं कुलूप काढलं. मीही मागं गेलो. राजमती गाठोड्याला टेकून बसली होती, कपाळ फुटलेलं. भावाला पाहून ती उठली नाही.

"तुह्यामुळं झालं हे," ती म्हणाली. सहा दिवसांत बोललेले ते पहिले शब्द. "तुहं रक्त मह्यात आलं. खरंच मेला असता तं बरं झालं असतं."

ज्ञानचंदनं दार सताड उघडलं.

"असन," तो म्हणाला. "चाल आता."

ती त्याच्यामागं दहा पावलं सोडून चालत गेली. सगळा बाजार रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी पाहत उभा होता. कोणीतरी म्हणालं, "आता जोडी झाली." हसूही आलं काही जणांना.

मी बातमी दिली हे शेठजींना कळलंच. दुसऱ्या दिवशी माझं मशीन रस्त्यावर होतं. मी बस स्टँडजवळ एका टपरीच्या सावलीत बस्तान मांडलं.

मळ्यात प्रयागबाईनं राजमतीला पहिल्याच दिवशी ओढत नेऊन विहिरीवर आंघोळ घातली, ती ओरडत असताना. जटा कातरून टाकल्या. मग हातात विळा दिला. तीन महिने राजमती वाफ्यात बसून राही आणि विळा बाजूला पडलेला असे. ज्ञानचंद तिला काही सांगत नसे. पावसाळा संपता संपता तिनं निंदायला सुरुवात केली. दिवाळीनंतर ती जेवताना दोन शब्द बोलायला लागली. मुलाला पाहायला म्हणून ज्ञानचंद तिला घेऊन कामरगावला गेला, तर कस्तुरचंदांनी दार उघडलं नाही. मुलगा आत रडत होता, तो आवाज ऐकून ती दोघं बसनं परत आली. पुढच्या वर्षी तिच्या नवऱ्याचं दुसरं लग्न झालं.

पानाबाई एकदा मळ्यात येऊन गेली. मुलीला लुगडं दिलं, तिच्या डोक्यावरून हात फिरवला. ज्ञानचंद चार हातांवर मिरच्या तोडत होता. त्याच्याशी ती बोलली नाही. न बोलायची सवय होऊन गेली होती.

राजमती पूर्ण बरी झाली असं मी म्हणणार नाही. वाईट दिवस आला की ती अजूनही भावाला तेच ऐकवते, तू मेला असता तर. तो ऐकून घेतो आणि तिच्या वाट्याचे वाफे निंदून टाकतो.

आता तो बाजारात स्वतः भाजी घेऊन बसतो, कडेला, जिथं माणसांची रेटारेटी कमी तिथं. चांगला दिवस असला तर गिऱ्हाइकाला सांगतो, काकू, हे दोडके जून आहेत, नका घेऊ. आणि वाईट दिवस असला की गोणपाटावर भाजी मांडतो, मागं सरकून झाडाला टेकतो आणि म्हणतो, "आज मले बोलवत नाही. तुमीच निवडा अन् पैसे टोपलीत टाका."

त्या दिवशी लोक लुटतात. टोपलीत कमी टाकतात, पिशवीत जास्त भरतात. चांगल्या घरच्या बायाही. माझी बायको एकदा दोन दुधी जास्त घेऊन आली आणि हसत मला दाखवले. ते शिजले, मी खाल्ले.

दौलतराव त्याच्यावर ओरडतो, "अबे, असं झालं तं घरी राह्यत जा! कायले जातं बाजारात?"

"लुटू दे," ज्ञानचंद म्हणतो. "घरी बसलो तं उद्या बी बसावं वाटते."

आणि दुसऱ्या दिवशी पहाटे भाजी खुडायला सगळ्यांच्या आधी तोच वाफ्यात असतो.